पाचशे अठ्ठ्याण्णव वर्षांच्या मास्तरांचा विमा

बान थाखाम,
८ सप्टेंबर, बौद्ध साल २५६७

आदरणीय लमायमावशी यांच्या चरणी, दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता, भाचा कोप याचा हात जोडून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? त्या चिनी म्हाताऱ्याचं हिरवं तेल लावता ना? बदकं अंडी घालायला लागली की अजून रुसलेलीच आहेत? कचेरीत पंखा बदलला का? इथे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. आईचा खोकला गेला. बाबांचा झुंजीचा कोंबडा परवा हरला, पण त्याचा रस्सा झाला नाही, कारण बाबा अजून त्याच्याशी बोलतात (आईशी बोलत नाहीत). बाकी नदीला पाणी भरपूर, भात भरपूर, डास त्याहून भरपूर.

तुम्ही म्हणाल, ज्या कार्ट्यानं शाळेत असताना निबंधाच्या वहीत फक्त म्हशी काढल्या, त्याला आज पत्र लिहायची बुद्धी कुठून झाली, आणि तीही खिशात फोन असताना? तर ती बुद्धी माझी नाही. मी कारकुनी करतो त्या सेंगतवान शाळेच्या मालकीण ऑरापिनबाई स्वतः म्हणाल्या, "कोप, मावशीला पत्रच लिही. मेसेजचा फोटो निघतो, पत्र चुलीत घालता येतं." किती ही दूरदृष्टी! कागदही त्यांनीच दिला. पत्र लिहून झालं की त्या नजरेखालून घालणार आणि मग पाकीट चिकटणार. (घाबरू नकोस मावशी. बाई नजरेखालून घालतात म्हणजे स्वतःचं नाव कुठे कुठे आलंय ते शोधतात आणि त्याच्या आजूबाजूला गोड शब्द आहेत ना ते बघतात. चष्मा लावला तर वय दिसतं म्हणून लावत नाहीत. आणि कंसातलं तर त्या कधीच वाचत नाहीत. कंसातलं कोणीच वाचत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत आहे. परदेशी मास्तरांच्या करारात जे दडवायचं असतं ते त्या कंसातच टाकतात. तेव्हा कंसाबाहेर मी तुला तुम्ही-तुम्ही करतोय, बाईंच्या आरत्या ओवाळतोय, ते मनावर घेऊ नकोस. मी राहतो कंसात.)

तर विषय असा. आमच्या शाळेत सहा परदेशी मास्तर-मास्तरणी आहेत. त्यातले एक ह्यू मास्तर. गाव वेल्स, वय पंचावन्न, डोकं चकचकीत, मालमत्ता एक सायकल, एक गिटार आणि एक मांजर. चौथीला इंग्रजी शिकवतात. हातानं खायचा चिकट भात काट्यानं खातात, पण माणूस चांगला. ऑरापिनबाईंचं परदेशी मास्तरांवर फार प्रेम. त्यांच्या आजारपणाची बाईंना इतकी काळजी, की विम्याची कपात पहिल्या पगारापासून सुरू. तुम्ही तर विम्याच्याच सरकारी कचेरीत आहात, तुम्हाला मी काय सांगणार, पगाराच्या शंभरात पाच, जास्तीत जास्त साडेसातशे बाट, तेवढेच मालकानं आपल्या खिशातून घालायचे आणि दोन्ही मिळून तुमच्याकडे पाठवायचे. बाई कापण्यात एक महिना चुकल्या नाहीत. सोंगक्रानच्या सुट्टीत शाळेला कुलूप होतं, शिपाई गावी होता, सगळा देश एकमेकांवर पाणी उडवत होता, पण कपात मात्र कोरडी ठाक वेळेवर झाली. अशी शिस्त हवी. (कापायला चुकल्या नाहीत, पाठवायला मात्र चौदा महिन्यांत एकदाही आठवण झाली नाही. एकाचंही नाव तुमच्याकडे नोंदवलेलं नव्हतं. जेवढं कापू तेवढंच आपणही घालायचं असतं हे समजल्यावर बाईंना म्हणे दोन दिवस ताप होता. मग त्यांनी असं ठरवलं की निम्मं काम आपण नेमानं करायचं. त्याच सुमारास त्यांच्या केबिनमध्ये काचेची मोठी पेटी आली आणि तिच्यात हातभर लांबीचा रुपेरी मासा. लक्ष्मी आणतो म्हणतात. रोज जिवंत झिंगे खातो, आपल्याला मेलेले परवडत नाहीत. फिलिपिन्सच्या टीचर लुझ केबिनमध्ये गेल्या की आधी त्या पेटीपुढे वाकतात आणि म्हणतात, "काय रे आमच्या विम्या, जेवलास का?")

आता गेल्या महिन्यात काय झालं, खेळांच्या दिवशी पोत्यात पाय घालून उड्या मारायच्या शर्यतीत ह्यू मास्तर पोरांबरोबर पळाले आणि मधेच पोत्यासकट आडवे झाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर नेहमीच पडून दाखवतात. पण ते उठेनात. पोट धरून पांढरेफटक. मला वाटलं सकाळची पपईची कोशिंबीर, कारण उपाहारगृहातल्या नोईकाकीनं त्यात मिरच्या मोजून नव्हे तर सूड म्हणून घातल्या होत्या. शाळेच्या पिकअपमध्ये घातलं, पोतं काढायलाही थांबलो नाही, आणि गेलो इस्पितळात. खिडकीतल्या मुलीनं यंत्रात बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "या नावाचं यादीत कोणीच नाही." ह्यू मास्तर पोत्यातूनच म्हणाले, "माझा पैसा कापतो. दर महिना कापतो. म्हणजे मी आहे." ती बिचारी चांगली होती, म्हणाली, "आजोबा, पैसे असतील हो. तुम्ही नाही आहात."

डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला. पित्ताशयात खडे. सुपारीएवढा एक आणि त्याची चिल्लीपिल्ली. ऑपरेशनची तारीख दिली पंचवीस सप्टेंबर. विमा असेल तर फुकट, नसेल तर सत्तर हजार बाट. मास्तरांनी सायकल, गिटार आणि मांजर यांची मनात बेरीज केली असावी, कारण परत येताना ते सगळा रस्ता बोटं मोजत होते. शाळेच्या फाटकाशी मला विचारलं, "कोप, खरं सांग. मी यादीत आहे की नाही?" मी म्हटलं, "मास्तर, पाय काढा त्या पोत्यातून."

ही बातमी कळल्यावर ऑरापिनबाईंचं मन इतकं हेलावलं की त्यांनी लगेच फळांची करंडी पाठवली (तिची वर्गणी आमच्याकडून घेतली) आणि मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, "दुपारपर्यंत सहाही जणांचे फॉर्म भर आणि धाड. नोकरीला लागल्याची तारीख आजची टाक." मी म्हटलं, "बाई, ह्यू मास्तर तर चौदा महिन्यांपूर्वी लागले." तर बाई मायेनं म्हणाल्या, "कोप, तुला नोकरी हवी आहे की इतिहास?" मला नोकरी हवी होती. (आजची तारीख टाकली की काय होतं ते तुला ठाऊक आहे. तीन महिन्यांचे हप्ते भरून झाल्याशिवाय तुम्ही इस्पितळाचा खर्च देत नाही. खड्याला कुठे कॅलेंडर कळतं? आणि बाईंना तेच हवं होतं, विमाही झाला आणि मागचं कोणी विचारलंही नाही.)

आणि इथे, मावशी, माझ्या हातून चूक झाली. मी मान खाली घालून कबूल करतो. परदेशी पासपोर्टावरचं साल आपल्या बौद्ध सालापेक्षा पाचशे त्रेचाळीसनं मागे असतं, हे दुसरीतल्या पोरालाही माहीत आहे. मास्तरांच्या पासपोर्टावर जन्मसाल १९६९. त्यात ५४३ मिळवून मी २५१२ लिहायला हवं होतं. मी घाईत १९६९ तसंच उतरवलं. तुमच्या यंत्रानं आजच्या २५६७ मधून ते वजा केलं आणि ह्यू मास्तरांचं वय निघालं पाचशे अठ्ठ्याण्णव वर्षं.

मग तुमच्या कचेरीचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. त्यात असं की, पहिल्यांदा विमा घेणाऱ्याचं वय पंधरा ते साठ असावं लागतं, सदर मास्तर त्याहून किंचित मोठे दिसतात, तरी मालकांनी सतरा तारखेला त्यांचा पासपोर्ट आणि नोकरीला लागल्यापासूनच्या सगळ्या पगाराच्या मूळ पावत्या घेऊन समक्ष यावं. 'सगळ्या पावत्या' हे शब्द वाचल्यावर ऑरापिनबाई खुर्चीत बसल्या. (बसल्याच होत्या, अजून खाली बसल्या.) मग त्यांनी मला माझ्या कुळासकट आठवलं. म्हणाल्या, "आईबापांनी नावच कोप ठेवलं, बेडूक! डोक्यात चिखलाशिवाय काय असणार?" मी सांगितलं, नाव आईबापांनी नाही, मावशीनं ठेवलंय, आणि ती मावशी हे पत्र पाठवणाऱ्या कचेरीतच कामाला आहे. तेव्हा बाईंचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "बस ना कोप. पाणी घे." तीन वर्षांत पहिल्यांदा बाईंसमोरच्या खुर्चीत बसलो. गादी चांगली आहे.

पण खरी गंमत वेगळीच झाली. ते पत्र केबिनमध्ये पोचायच्या आधी उपाहारगृहातल्या नोईकाकीच्या हातून गेलं होतं. (टपालवाला तिच्याकडे शेवया खातो. पाकीट आपोआप उघडलं म्हणाली, वाफेनं.) नोईकाकी ह्यू मास्तरांची घरमालकीणही आहे. सरकारी शिक्क्याच्या कागदावर एका माणसाचं वय पाचशे अठ्ठ्याण्णव! आपल्याकडे दोन डोक्यांचं वासरू जन्मलं तरी लोक त्याच्या पाठीवर लॉटरीचा आकडा शोधतात, केळीला वाकडं केळफूल आलं तर उदबत्ती लावतात. इथे तर सरकारनंच आकडा टाइप करून पाठवलेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात झालं, सोळा तारखेच्या सोडतीत ५९८ लागणार. मी काकीला समजवायला गेलो, "काकी, अहो ते पंचावन्नचे आहेत." तर मलाच म्हणाली, "पंचावन्नचा माणूस असा दिसतो? माझा नवरा पंचावन्नचा आहे, त्याला केस आहेत." मी म्हटलं, "चूक माझी आहे, मी लिहिलं." ती म्हणाली, "तुझ्या हातून लिहवून घेतलं, मेल्या. एवढी हुशारी तुझी नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या दारात झेंडूच्या माळा आणि लाल सोड्याच्या एकोणीस बाटल्या, देवापुढे ठेवतात तशा नळी घातलेल्या. तिसऱ्या दिवशी बायकांनी त्यांना ओट्यावर बसवून टकलाला पावडर चोळली आणि आकडे दिसतात का बघितलं. एकीला सहा दिसला, एकीला नऊ, म्हणून दोघी भांडल्या, मग कळलं की एक पुढे बसली होती आणि एक मागे. मास्तर हे सगळं मुकाट्यानं करून घेतात. त्यांना वाटतं पित्ताच्या खड्यांवरचा हा आपल्याकडचा उपाय आहे. मला म्हणाले, "दुखणं थांबत नाही, पण लोक फार प्रेमळ." चौथीतली पोरं वर्गात विचारतात, सर, तुमच्या वेळी अयुत्थयाच्या राजाचा हत्ती केवढा होता? सर सांगतात, मी नाही बघितला. पोरं एकमेकांना डोळे मारतात, बघ, सांगत नाहीत. ऑरापिनबाईंनी मात्र या अंधश्रद्धेचा प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर कडक निषेध केला. (ड्रॉवरमध्ये ५९८ ची पाच तिकिटं आहेत. मी माशाच्या झिंग्यांची जाळी काढायला गेलो तेव्हा दिसली.)

पण परवा मधल्या सुट्टीत मास्तर बाकावर कळ येऊन दुमडले होते. तीनशे पोरं आवाज करतायत, आणि हा माणूस एका हातानं बाक धरून दुसऱ्या हातानं पोरांच्या वह्या तपासतोय. (मावशी, मागच्या वर्षीचं तुला सांगितलं नव्हतं. मी शाळेच्या घंटेच्या जागी आइसक्रीमच्या गाडीचं गाणं लावलं होतं. पहिल्या तासाला तीनशे पोरं पैसे घेऊन फाटकाकडे. बाई मला त्याच दिवशी काढणार होत्या. ह्यू मास्तर पुढे होऊन म्हणाले, मी केलं, आमच्या वेल्समध्ये अशीच घंटा असते. त्यांच्या पगारातून दंड कापला. तो मात्र लगेच गेला जिथे जायचा तिथे. नंतर मला फक्त एवढंच म्हणाले, "गाणं बरं होतं, आवाज थोडा कमी हवा होता.")

असो. पत्र लांबलं. ऑरापिनबाईंसारखी मालकीण लाभायला पूर्वजन्मीचं काहीतरी लागतं (ते काय केलं होतं ते कळलं असतं तर या जन्मी टाळता आलं असतं). गुडघ्याला जपा. बदकांना विचारलं म्हणून सांगा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
कोप

ता. क. ऑरापिनबाई शेजारी उभ्या राहून सांगतायत ते लिहितो. मावशी, विनंती एवढीच की सतराच्या आत तुमच्या यंत्रात १९६९ चं २५१२ गुपचूप करून टाकावं, लिहिताना चूक झाली असा शेरा मारावा, आणि पावत्यांची मागणी मागे घ्यावी. नोकरीची तारीख आहे तीच राहू द्यावी. एका माणसासाठी एवढ्या मोठ्या कचेरीला त्रास कशाला? बाईंतर्फे सोबत घरगुती आंबट सॉसेजची जुडी पाठवत आहे. पत्र वाचून चुलीत घालावं.

ता. क. दुसरा. (बाई वाचून गेल्या. म्हणाल्या, "छान लिहिलंस, पण आरत्या जरा कमी चालल्या असत्या." आता ऐक. यातलं काहीएक करू नकोस. साल दुरुस्त कर, ते तुझं कामच आहे, पण पावत्या माग. सगळ्या माग. सोंगक्रानला पाणी उडवताना तूच एकदा बाबांना सांगत होतीस, की मालकानं कापले म्हणजे कायद्यानं कामगारानं भरले, मालकानं पुढे पाठवले की नाहीत हे मालकानं आणि सरकारनं बघून घ्यावं. मी तेव्हा ऐकत नव्हतो असं तुला वाटलं असेल, मी कलिंगड चोरत होतो, पण कान मोकळे होते. तसं असेल तर मास्तरांचे चौदा महिने भरलेले आहेत आणि पंचवीस तारखेला ते यादीत असले पाहिजेत. बाई सतराला पावत्या हरवल्या म्हणणार, उंदीर लागले म्हणणार. म्हणून सहाही जणांच्या पावत्यांच्या प्रती याच पाकिटात घातल्यात. झेरॉक्सचं यंत्र माझ्या ताब्यात असतं. पाकीट एवढं जाड का, असं बाईंनी विचारलं, तर मी म्हटलं, मावशीच्या गुडघ्यासाठी कापूर आहे. आणि हो, त्याच दिवशी धाडलेले बाकीच्या पाच जणांचे फॉर्म तुझ्या टेबलावर असतील. त्या पाचांची जन्मसालं अगदी बरोबर आहेत, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. गणितात मी दोनदा नापास झालो ते खरं, पण बेरजेत नाही. सरळ फॉर्म गेला असता तर कोणी पावत्या मागितल्या असत्या का? माझी नोकरी गेली तर जाऊ दे, तुझ्या बदकांकडे माणूस लागतोच.)

ता. क. तिसरा. सॉसेजची जुडी पाठवली आहे. (जुडी मी आणि टीचर लुझनं मिळून खाल्ली. आंबट उतरली होती. 'मिळाली, छान होती' असं कळव.)

ता. क. चौथा. (हा पोस्टाच्या दारात उभा राहून लिहितोय. ह्यू मास्तर आत्ताच सायकलवरून गेले, गळ्यात झेंडूची माळ, कॅरिअरला लाल सोडा. मी त्यांना थांबवून पावडरीचं, माळांचं, आकड्याचं सगळं खरं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्यांनी शांतपणे खिशातून तिकीट काढून दाखवलं, ५९८. नोईकाकीनं शेवटचं त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही सुद्धा? तर म्हणाले, "कोप, विम्याला चौदा महिने पैसे दिले आणि मी कुठे आहे ते कोणी सांगेना. यात निदान सोळा तारखेला कळतं." तेव्हा मावशी, यंत्रातलं साल सतराला सकाळी बदललंस तरी चालेल. सोळापर्यंत त्यांना पाचशे अठ्ठ्याण्णवच राहू दे.)